गिरधर आप्पांचे शांत मासे

गिरधर आप्पांना शांत मासे हवे होते. हे त्यांनी पहिल्यांदा जाहीर केलं तेव्हा प्रमिलाबाई लाल मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. हसावं की हातातली मिरची नवऱ्याच्या डोळ्यांत चोळावी, हेच त्यांना कळेना. ज्या माणसाच्या आवाजाने पुरुषोत्तमनगरातली अर्धी गल्ली दचकते, त्याला म्हणे घरात शांतता हवी होती, आणि तीही काचेच्या पेटीत.

आप्पा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं त्यांनी उसाचा रस तपासला. आकडा इकडचा तिकडे झालेला त्यांना खपत नसे, आणि न खपल्याचं सांगायची त्यांची एकच रीत होती, ओरडणं. घरी आल्यावर रस नसे, तर मग भाजीतलं मीठ असे, कपाटातल्या चाव्या असत, बायको असे. माणूस वाईट नव्हता. व्यसन नाही, कुणाचं वाईट चिंतणं नाही. पण त्याच्याशी संसार करणं म्हणजे उकळत्या पातेल्याशेजारी जन्मभर बसून राहणं.

गेल्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर त्यांनी कळसच केला. अखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, तशी रोशनी सुरतेहून लेकीला घेऊन आली होती. पाच वर्षांच्या हेमांगीने आजोबांच्या वहीत मोर काढला. वही कसली, तर रोजच्या तापमानाची! पण आप्पा असे कडाडले की पोरीला उचकीच लागली. रोशनीने लेकीला उचललं. "आई, मी जास," म्हणाली आणि सणाचं ताट तसंच ठेवून दुपारच्या बसने निघून गेली. तेव्हापासून ती आईला फोन करायची, बापाचं नाव घ्यायची नाही. ही अखाजीही अशीच गेली तर पोरीचं माहेर कायमचं तुटलं, हे प्रमिलाबाईंना स्पष्ट दिसत होतं.

आणि आप्पा मासे निवडत होते.

चार महिने! दर आठवड्याला एसटीने नंदुरबार, तिथे स्टेशनमागे सुपडूचं माशांचं दुकान. सुपडूचा माल सुरतेहून गाडीने यायचा. त्याने आधी कपाळावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न दाखवला. हा मासा दुसऱ्या कुणाला टाकीत टिकू देत नाही, हे ऐकून आप्पा म्हणाले, नको. दोन फुटांच्या टाकीत मावतील असे सिक्लिड जातीचे लहान मासे हवेत, रंगीत हवेत, पण भांडखोर नकोत. क्रिबेन्सिस? पिल्लं झाली की शेजाऱ्यांना हाकलतो, नको. अपिस्टोग्रामा? देखणा खरा, पण एका नराला दोन-तीन माद्या लागतात. हे घरी कळल्यावर प्रमिलाबाई म्हणाल्या, इथे एकीची काय दशा झालीय ती त्याला दाखवा आधी. बोलिव्हियन रॅम शांत होता, पण आप्पांना फिका वाटला. शेवटी सुपडूने हात जोडले.

"आप्पा, जवाई निवडताना तरी इतल्या चौकश्या करेल व्हत्यात का?"

शेवटी ठरली ती जर्मन ब्लू रॅमची जोडी. बोटभर लांबीचे, पिवळ्या अंगावर निळे ठिपके, डोळ्यांवरून काळी पट्टी. कुणाच्या वाटेला न जाणारे, ऊबदार आणि मऊ पाण्यात राहणारे. ऊब नंदुरबार जिल्ह्यात मागाल तेवढी मिळते. मऊ पाण्याचं मात्र अवघड होतं, कारण बोअरच्या पाण्याने घरातल्या प्रत्येक भांड्यावर पांढरा थर धरलेला. मग फिल्टरचं पाणी माशांना आणि बोअरचं पाणी बायकोला, अशी वाटणी झाली. आप्पा खिशात पाण्याचे क्षार मोजायचं यंत्र घेऊन फिरू लागले. शेजारच्या फुलवंताबाई पाणी प्यायला लागल्या, तर त्यांच्या पेल्यातही त्यांनी ते बुडवलं. चैत्रात ऊन चढलं, तसं पाणी फार तापू नये म्हणून कूलरचं तोंडसुद्धा टाकीकडे वळलं. प्रमिलाबाई पदराने वारा घेत बसल्या आणि एके दिवशी त्यांचा संयम सुटला.

"चार महिना मासा निवडात! पोरले एक फोन कराले काय व्हस तुम्हले?"

आप्पांनी यंत्र पुन्हा टाकीत बुडवलं. आकडा वाचत म्हणाले, "फोनवर मन्हा आवाज चढस."

प्रमिलाबाईंनी कपाळाला हात लावला आणि स्वतःच रोशनीला फोन केला. पोरगी नाही, नाही म्हणत होती. आईने शपथ घातली, तेव्हा कुठे हो म्हणाली, पण पहिल्या ओरडण्याला परत निघेन, हेही तिने बजावलं.

अखाजीच्या आदल्या दिवशी त्या माशांनी सपाट दगडावर अंडी घातली. मुहूर्त बघा! आप्पांनी टाकीवर चादर टाकली, पुढच्या खोलीचं दार लोटलं आणि फर्मान काढलं की तीन दिवस आत कुणी यायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रोशनी आली. बाप बाहेर ओट्यावर होता. "ऊनी का?" म्हणाला. ती "हो" म्हणाली. एवढंच.

सहा वर्षांच्या पोरीला लोटलेलं दार दाखवलं, तर ती दुसरं काय करणार? प्रमिलाबाई पुरण वाटत होत्या, तेवढ्यात आतून काचेवरची टकटक ऐकू आली. त्या धावल्या, मागून रोशनी धावली. चादर खाली पडलेली, टाकीवरचा दिवा लावलेला, हेमांगीचं नाक काचेला चिकटलेलं. आणि आत त्या दोन देखण्या, शांत माशांनी दगड पार स्वच्छ केला होता. अंडं म्हणून एक उरलं नव्हतं.

आप्पा दारात आले. त्यांनी दगड पाहिला. त्यांच्या मानेवरची शीर फुगली, ती प्रमिलाबाईंना ओळखीची होती. रोशनीने लेकीला पाठीमागे ओढलं आणि तिची नजर दाराबाहेरच्या न उघडलेल्या बॅगेकडे गेली.

आप्पा खाली बसले. चादर उचलून तिची घडी घालू लागले. ती नीट जमत नव्हती.

"नवी जोडी शे," ते हेमांगीला म्हणाले. आवाज घोगरा होता, पण खालच्या पट्टीतच होता. "घाबरनी का सोतानाच अंडा खायी टाकस. परत घालतीन. दोन-तीन येळा चुकतस, मंग शिकतस."

रोशनी बापाकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते, पण बोलणं कोरडं होतं.

"आनि तुम्ही कव्हय शिकशात, आप्पा?"

चादरीवरचे हात थांबले.

"शिकी ऱ्हायनू," आप्पा म्हणाले.

मग रोशनीने डोळे पुसले, ओढणी कमरेला खोचली आणि "आई, सांजोऱ्या मी तळस," म्हणत ती स्वयंपाकघराकडे वळली.

पोरगी राहिली. सण झाला. प्रमिलाबाईंना आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्या सकाळी पाट्यासमोर परत बसताच त्यांनी वरवंटा रागाने पुरणावर आपटला. हे एवढं या माणसाला जमत होतं, तर मग संसाराची बेचाळीस वर्षं त्याने ते कुणासाठी राखून ठेवलं होतं?