निमंत्रक, समस्त भावकी

मला राग लवकर येतो, आणि आला की हाताला लागेल ते फुटतं. लोणंदला कांद्याच्या अडतीवर मी हिशेब लिहिते. तिथले हमालसुद्धा माझ्या वाऱ्याला उभे राहत नाहीत. त्यामुळे मी पुस्तक लिहितेय म्हटल्यावर सगळे हसले. पुस्तक माझ्या आईनं खाल्लेल्या माराचं होतं.

मारणारे आमचे थोरले चुलते. आम्ही त्यांना आबा म्हणतो. वडील गेल्यावर कुंडलजवळच्या आमच्या गावातला ऊस, विहीर, घर असा सगळा कारभार त्यांच्या हातात आला आणि आम्हीही आलो. फौजेतून रिटायर झालेला माणूस. आईला मारायचं झालं की आधी मला आणि भावाला अंगणात उभं करायचे आणि ओरडायचे, "सावधान!" हलायचं नाही, रडायचं नाही, नजर समोर. समोर आई असायची. कधी वेताची छडी, कधी उसाचं कांडं. भाकरी करपली, म्हैस आटली, माहेरचं माणूस आलं, कुठलंही कारण चालायचं. एकदा असा तडाखा बसला की डाव्या कानातून रक्त आलं आणि तो कान कायमचा गेला. गाव म्हणालं, पडली असेल.

लिहिल्यानं मन हलकं होतं म्हणतात. साफ खोटं. एकेका पानाला माझे हात शिवशिवायचे. एकदा चहाचा कप भिंतीवर फोडला, नवऱ्यानं मुकाट्यानं काचा गोळा केल्या. पुण्याच्या एका प्रकाशकानं विचारलं, मारहाणीचे प्रसंग फार झालेत, थोडे कमी करता येतील का? आईला कधी कुणी असं विचारलं नव्हतं. मी फोन आपटला आणि स्वतःच छापायचं ठरवलं. सांगलीतला एक छपाईवाला गाठला. प्रूफं तपासायला सुट्टीच्या दिवशी एसटीनं जायचे. त्यानं एकदा मला न विचारता रक्ताचं वाक्यच गाळलं, "ताई, बायका वाचणार ना," म्हणाला. मध्ये टेबल होतं म्हणून वाचला.

आईला वाचता येत नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "लिव की. पर मला तितंच ऱ्हायाचंय, त्येंच्याच अंगणात. एवढं ध्यानात ठेव."

मी म्हटलं, लोणंदला चल. तर म्हणाली, "आन् तुज्या बाचा वाटा कुनी राखायचा?"

तिनं घर सोडलं असतं तर आबांनी दुसऱ्या दिवशी आमच्या वाट्याच्या पट्टीत नांगर घातला असता. म्हणून मी ठरवलं, प्रकाशन साताऱ्यात करायचं, चार मैत्रिणींसमोर, गावाला पत्ता लागू द्यायचा नाही.

पण भावाला अभिमानाचं भरतं आलं. आईवर लिहिलंय एवढंच मी त्याला सांगितलं होतं. बहिणीचं पुस्तक म्हणजे घरातलं कार्य, ते गावातच व्हायला हवं, असं त्यानं परस्पर ठरवलं आणि स्वतःच्या लग्नाची पत्रिका जिथं छापली होती तिथंच गेला. जुना मजकूर कॉम्प्युटरवर होताच. वरची वधूवरांची नावं काढली, पुस्तकाचं घातलं आणि खालचं तसंच राहू दिलं: निमंत्रक, समस्त भावकी. भावकीत पहिलं नाव थोरल्याचं. पत्रिका अक्षता देऊन घरोघरी गेल्या आणि सांगलीच्या छपाईवाल्यानं, सख्खा भाऊच आलाय म्हणून, पुस्तकांचे गठ्ठेही त्याच्या ताब्यात दिले. मला कळलं तेव्हा देवळासमोर मांडव पडला होता. मी धावत पोचले आणि आधी भावाच्या कानफटात दिली.

"आता मोडायचं कसं?" तो गाल चोळत म्हणाला. "आबांनी फेटा बांधलाय."

आई पहिल्या रांगेत बसली होती. मी म्हटलं, ऊठ, जाऊ. ती म्हणाली, "बस गप."

मान आबांचा. त्यांच्याच हातानं पुस्तकावरचा कागद सुटला, टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणून हायस्कूलचे जुने गुरुजी होते. त्यांनी कौतुकानं मधलंच एक पान उघडलं आणि माइकवर वाचायला घेतलं. 'सावधान' आलं तेव्हा आबा खूश झाले, फौजेचं काहीतरी असेल असं वाटून. पुढच्या ओळीला त्यांचा चेहरा उतरला.

ते उठले. माझे केस धरून त्यांनी मला टेबलावर आपटलं. ओठ फाटला. मी त्यांच्या मनगटाला कडकडून चावले, समई उचलली आणि त्यांच्या खांद्यात घातली. खरं सांगते, मला आनंद झाला. अजून एक घालायची होती. पण भावकीतले चार पुरुष धावले आणि त्यांनी मला धरलं. आबांना कुणी धरलं नाही.

आबांनी माइक आईच्या तोंडासमोर नेला. "सांग समद्यास्नी. खोटं हाय म्हन."

आई उभी राहिली. पदर सारखा केला, माइक हातात घेतला. "मला वाचाया येत न्हाई," ती म्हणाली. "पोरीनं काय लिवलंय मला ठावं न्हाई. पर मार म्याच खाल्लाय."

आबांनी भरल्या मांडवात तिच्या तोंडात मारली. ती खुर्चीवर कोसळली, पण माइक सोडला नाही. पेढे हातात धरून लोक नुसते बघत राहिले. माझ्या दंडावरची पकड ढिली झाली.

"गुर्जी, वाचा म्होरं," आई म्हणाली. गुरुजींनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "मग तू वाच गं."

मी वाचू लागले. ओठातलं रक्त पानावर ठिबकत होतं, ते पुसत वाचत होते. आई माझ्यासमोर माइक धरून होती. एकेक फटका आला की ती म्हणायची, "व्हय." छडीचा. "व्हय." कांड्याचा. "व्हय." कर्ण्यातून ते गावभर जात होतं. आबा उभे होते ते खाली बसले. त्यांच्या शेजारचा एकेक जण उठून मागच्या रांगेत गेला.

पान संपलं. मी आईला विचारलं, "बास करू?"

"अजून हाय न्हवं? वाच समदं," ती म्हणाली. "सांजच्याला मला तितंच जायाचंय. गावानं ऐकलेलं बरं."