सुजातानं फोन कापला

सुजाता मेश्रामला मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये. एका जुन्या ट्रॅकसूटमध्ये तांदळाच्या आणि वाळूच्या पिशव्या कोंबून तिनं एक माणूस तयार केला होता. त्याच्या काखेत हात घालून ती उलटी चालत, धापा टाकत त्याला ओढत होती. मी ग्रोसरीच्या पिशव्या घेऊन जागीच थांबले.

"पाहून काय राहिली? पाय धर त्याचे, गाडीखाली चाललाय."

"कोणाचे पाय?"

"याचे! पंचाहत्तर किलोचा आहे बाप्पा. खऱ्या टेस्टमध्ये एवढाच असतो."

अशी आमची मैत्री झाली. सुजाता नागपूरची, वय अडतीस, नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. इथे कायम राहायचं ग्रीन कार्ड हातात पडल्यावर लोक घर घेतात. हिनं आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, फायर आणि इमर्जन्सी सर्व्हिसमध्ये अर्ज केला. इथे आग विझवणारी आणि अँब्युलन्समधून येणारी माणसं एकच असतात. भरती व्हायचं तर आधी अंगातली ताकद दाखवावी लागते. मी पुण्याची, त्यामुळे न मागता मत दिलं, "अगं, या वयात? चांगलं एसीत बसून काम करतेस."

"एसीतच तर पडला होता तो," ती म्हणाली.

'तो' म्हणजे तिच्या ऑफिसमधला एक सहकारी. मीटिंग चालू असताना खुर्चीतून कोसळला. "आम्ही अकरा इंजिनिअर खोलीत. एकजण पाणी आणायला पळाला, एकजण त्याच्या बायकोला फोन लावून राहिला. मी त्याची खुर्ची सरळ केली. खुर्ची! सांग आता." तो वाचला नाही. पुढे कधीही मी तिच्या वेडाची टिंगल केली, की ती एवढंच म्हणायची, "मी खुर्ची सरळ केली होती."

पहिल्या टेस्टला ती नापास झाली. वजनाचं जॅकेट घालून जिने चढली, पाइप ओढला, अंधाऱ्या बोगद्यातून रांगली, पण शेवटी पंचाहत्तर किलोच्या त्या पुतळ्यापाशी तिचे हात सुटले. दुसरी संधी शनिवारी सकाळी साडेनऊला होती. तीही गेली तर यंदाची भरती संपली. आठवडाभर ती जेवताना घड्याळ लावून जेवत होती. मला तर तिच्यापेक्षा जास्त टेन्शन आलं होतं.

त्या शनिवारी सकाळी पावणेनऊला माझा नवरा मंदार चहाचा कप तसाच ठेवून सोफ्यावर आडवा झाला. "छातीत जळजळतंय. काल मिसळ जास्त झाली." मी अँटासिड दिलं. दहा मिनिटांत त्याचा शर्ट घामानं भिजला. मी फोन उचलला तर तो चिडला, "सायरन वाजवत अँब्युलन्स आणू नकोस हं दारात! सगळी बिल्डिंग बाहेर येईल. ॲसिडिटी आहे."

आणि मी बाईनं काय केलं? आपल्याकडे सगळे करतात तेच. ओळखीच्या माणसाला फोन लावला.

"सुजाता, मंदारला कसंतरी होतंय गं. तू निघतच असशील, जाता जाता डोकावतेस?"

"घाम आहे?"

"हो."

"हात दुखून राहिला?"

मी मंदारकडे पाहिलं. तो डावा दंड दाबत होता. "हो, पण तू..."

"फोन ठेव. नाइन-वन-वन कर. आत्ता."

"अगं पण तू येशील ना?"

फोन कटला. मी परत लावला. तिनं कापला. परत लावला, परत कापला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझा माणूस इथे पांढराफटक पडलाय आणि हिला स्वतःच्या टेस्टची पडलीय! पण करणार काय, दुसरं कोणी सुचेना. मी नाइन-वन-वनला, इथल्या अँब्युलन्सच्या नंबरला, फोन केला.

सहा मिनिटांत ते आले. त्यांच्यातल्या एका बाईनं मंदारच्या छातीवर वायरी चिकटवल्या, कागदाची पट्टी पाहिली आणि लगेच स्ट्रेचर मागवलं. पुढच्या चार मिनिटांत आम्ही रस्त्यावर होतो. हृदयाची मुख्य नस बंद पडली होती. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर बोलायला काही उरलं नसतं.

दुपारी सुजाता हॉस्पिटलमध्ये आली. गुडघे सोललेले, केस चिकटलेले. मी तोंड फिरवलं. ती शेजारच्या खुर्चीत बसली.

"दोनदा फोन कापला मी तुझा. गाडी कडेला घेऊन बसले होते."

"मग यायचं होतंस."

"माझ्या गाडीत काय होतं? पाण्याची बाटली. मी आले असते तर तुला बरं वाटलं असतं, बाई. मंदारला नसतं वाटलं." मग हळूच म्हणाली, "जोवर मी तुझा फोन उचलून राहिली असती, तोवर तू नाइन-वन-वनला फोन लावला नसता."

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून भरपूर रडले. बऱ्याच वेळानं आठवलं म्हणून विचारलं, "टेस्ट?"

"झाली पास," ती दूध आणल्यासारखं म्हणाली.

आता ती काउंटीच्या पार दुसऱ्या टोकाच्या स्टेशनवर असते. चोवीस तासांची ड्यूटी, मग झोप. भेट होते ती कधीतरी, धावतपळत. तिची फार आठवण येते.

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या देशपांडे काकूंचा फोन आला. "अगं, ह्यांना दरदरून घाम आलाय, छातीत दुखतंय म्हणतात. तू जरा वर... म्हणजे खाली येतेस का?"

"काकू, फोन ठेवा. नाइन-वन-वन करा."

"अगं पण तू ये ना आधी..."

मी कापला. त्यांनी परत लावला. स्क्रीनवर त्यांचं नाव चमकत होतं. मी परत कापला. सायरन ऐकू आला तेव्हा कुठे जिना उतरले.

काकू अजून माझ्याशी बोलत नाहीत. काका बोलतात.