ट्रूडी, तिची लेक आणि टोचलेली संत्री

आमच्या रेडलँड्स गावात ट्रूडी बास्कमला सगळे ओळखतात, कारण दुसऱ्याचं बाळ पोटात घेऊन ती शाळेची बस चालवायची. एकदा नाही, दोनदा. पोट स्टिअरिंगला टेकायचं आणि पोरं मागून विचारायची, "हे बाळ तुझं का गं?" ही आरशात बघून म्हणायची, "नाही रे, माझ्याकडे राहायला आलंय." माझं केसांचं दुकान तिच्या घराला लागूनच, त्यामुळे तिचं निम्मं आयुष्य मी तिच्या डोक्याला रंग लावता लावता ऐकलंय.

पहिल्या वेळी अशा बायकांची आणि जोडप्यांची गाठ घालून देणारी एजन्सी-बिजन्सी कोणाला माहीत होती? फुकट वाटायच्या पेपरात, जुने सोफे आणि मांजराची पिल्लं यांच्या मधोमध तिने जाहिरात वाचली: मायाळू बाई हवी. गेली. पॅनकेकच्या हॉटेलात जाहिरात देणाऱ्या नवरा-बायकोला भेटली. तिघं इतकी घाबरलेली की पॅनकेक तसेच गार झाले. वकील मिळाला तो कुत्र्यांचे केस कापणाऱ्याच्या शेजारचा, त्यामुळे करार वाचताना भिंतीपलीकडून भुंकणं चालू. पण निभावलं. तेव्हा झालेल्या मुलीचा अजून दर वाढदिवसाला ट्रूडीला फोन येतो.

दुसऱ्या वेळी एजन्सी आली, कॉम्प्युटर आला, आणि जोडपं आलं थेट शांघायहून. ट्रूडीला त्यांचं बोलणं कळेना, त्यांना हिचं. त्या बाईने आपली माया लाल खजुरांच्या खोक्यांत भरून पाठवली. ट्रूडीने ते आख्ख्या गल्लीला खाऊ घातले. त्या वर्षी पोट दोघींचं सुटलं होतं, तिचं आणि माझं. माझं अजून आहे.

मग त्याच एजन्सीत ती नोकरीला लागली. बायकांना डॉक्टरकडे न्यायचं, फोन घ्यायचे, रडल्या तर ऐकायचं. सगळं छान चाललेलं, तेवढ्यात ती एजन्सी कोणीतरी विकत घेतली. नवे मालक आधी गाद्या विकायचे. त्यांनी फोनला मशीन लावलं. रडू येत असेल तर दोन दाबा, असं ते मशीन सांगायचं म्हणे. हे ट्रूडीचं म्हणणं, खरंखोटं तिलाच ठाऊक. तिने नोकरी सोडली आणि आपल्याच गॅरेजात एजन्सी काढली, कपडे धुवायच्या मशीनशेजारी. आलेल्या जोडप्यांना आधीच सांगते, "हे पिळायला लागलं की गप्प बसायचं, थांबलं की पुढे बोलू."

आता तिची लेक, शेल्बी. हट्टी, आईवर गेलेली. एक मुलगा झालाय, ऑगी, दोन वर्षांचा. शेल्बीने ठरवलं की आपणही कोणासाठी तरी बाळ वाढवायचं. ट्रूडी हरखली. पण लेक म्हणते कशी, "आई आहेस म्हणून तुझ्याकडेच येईन असं नाही. चार ठिकाणी चौकशी करतात लोक. तूही मुलाखत दे."

चार नाही, एकच ठिकाण शेल्बीच्या मनात भरलं होतं. समुद्राकाठची, काचेच्या इमारतीतली एक एजन्सी. त्यांनी नुसत्या चौकशीवर खोकं पाठवलं: मेणबत्ती, पाण्याची बाटली आणि अननसाचं चित्र असलेले मोजे. आमच्याकडे बायका पोटात गर्भ ठेवायच्या दिवशी असे मोजे घालून टेबलावर झोपतात, नशिबासाठी. आणि तिथून उठून थेट बटाट्याचे फ्राइज खायला जातात, तेही नशिबासाठीच.

ट्रूडी माझ्या खुर्चीत डोक्याला फॉइल लावून बसलेली. म्हणाली, "तिने तिकडे सही केली, तर तिला काय होतंय हे मला त्या लोकांना विचारताही येणार नाही. फोन उचलणारं कोणी असेल ना गं तिथे?"

"मशीन असेल," मी म्हटलं.

"फॉइल काढ. डोकं जळतंय."

मुलाखतीच्या दिवशी ऑगीला सांभाळायला म्हणून मी शेल्बीच्या घरी गेले. खरं तर बघायला गेले. आधी काचेवाल्यांची मुलगी फोनच्या पडद्यावर आली. गोड पोरगी, दात काय सुंदर. शेल्बी काहीही विचारो, ही म्हणायची, "काही प्रश्नच नाही." फोन ठेवताना म्हणाली, "सहीचे कागद आजच पाठवते हं."

मग पुढच्या दाराची बेल वाजली. त्या घरात पुढच्या दाराने फक्त पार्सल येतं, माणसं मागून. दारात ट्रूडी, अंगात कोट.

"आजी," ऑगी ओरडला.

"कामावर असताना ट्रूडी म्हणायचं," ती म्हणाली आणि शेल्बीशी हात मिळवला.

शेल्बी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "तुमच्याकडे कधी काही बिघडलंय का?"

"हो. एकीचं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. तिच्याशी बोल, तिने सांगितलंय नंबर द्यायला. ती माझ्याबद्दल चांगलंच बोलेल असं नाही हं. दोन दिवस मी तिला फार सल्ले दिले, नुसतं शेजारी बसायला हवं होतं."

मी ऑगीचे ठोकळे रचायची थांबले.

"आता माझा प्रश्न," ट्रूडी म्हणाली. "गर्भ टिकावा म्हणून रोज कमरेखाली सुई घ्यावी लागते, कित्येक आठवडे. ती कोण टोचणार?"

"बेटो," शेल्बीने नवऱ्याकडे बोट दाखवलं. बेटो बंद पडलेल्या गाड्या ओढून नेतो. दाराएवढा माणूस.

ट्रूडीने पर्समधून संत्रं काढलं, सिरिंज काढली. "टोच."

बेटोने संत्रं टोचलं. झकास टोचलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. "आता नुसती जागा दाखव, खरं टोचायचं नाही," असं म्हणत ट्रूडीने टोपण लावलेली सिरिंज त्याच्या हातात दिली आणि शेल्बीने पाठ वळवली. बेटोने तिच्याकडे बघितलं, सुईकडे बघितलं आणि ऑगीच्या ठोकळ्यांवर आडवा झाला.

त्याच्या तोंडावर पाणी मारता मारता ट्रूडी म्हणाली, "माझ्याकडून नाही. टोचणारं माणूस नाही, तोवर नाही."

"आई, सख्ख्या लेकीला नाही म्हणतेस?"

"बाकीच्यांच्या लेकींना म्हणतेच की."

शेल्बी भडकली. तिने तिथल्या तिथे काचेवाल्यांना फोन लावला. "माझा नवरा सुई बघून पडतो, काय करायचं?" ती गोड पोरगी म्हणाली, "काही प्रश्नच नाही, व्हिडिओ पाठवते."

शेल्बीने फोन ठेवला. जमिनीवरच्या बेटोकडे बघितलं. आईकडे बघितलं, ती अजून कोटातच, टॉवेल पिळत होती. मग शेल्बी म्हणाली, "बेटो, ऊठ. संत्री आण."

"सासूबाई," बेटो खालूनच म्हणाला, "किती आणू?"

माझं संत्र्याचं झाड रिकामं झालं, पलीकडच्या म्हाताऱ्याचंही. आमच्या गल्लीत जे संत्रं सोलावं ते गळकं. औषध तेलकट असतं, ते काखेत धरून कोमट करायचं असं ट्रूडीने सांगितलेलं, म्हणून बेटो सरावासाठी रिकामी बाटली काखेत धरून गाडी चालवायचा. गाडी बंद पडून रस्त्यात अडकलेल्या एका बाईने त्याचा हात मोडलाय समजून त्यालाच दवाखान्यात न्यायची तयारी केली. शेवटी त्याने ट्रूडीला मिठाच्या पाण्याची सुई टोचली, डोळे उघडे ठेवून, आणि उभा राहिला. शेल्बीने गॅरेजात सही केली. नेमकं तेव्हाच मशीन पिळायला लागलं, तर सगळे गप्प बसून राहिलो.

परवा गर्भ ठेवला. ज्यांचं बाळ ते जोडपं सॅक्रामेंटोचं, दोघे बाप होणार, दोघेही शाळेत शिकवतात. दवाखान्यातून आम्ही सगळे तडक फ्राइज खायला गेलो, सगळ्यांच्या पायात ट्रूडीने आणलेले अननसाचे मोजे, माझ्यासुद्धा. शेल्बी आईच्या पुड्यातले फ्राइज पळवत होती.

काउंटरवरच्या मुलीने बेटोला विचारलं, "सोबत संत्र्याचा रस देऊ?"

बेटो बाहेर जाऊन बसला.