परत लाव गं

कडुनिंबाच्या ओल्या पाल्याचा वास आला की मला पंचवटीतल्या घरातली ती बंद खोली आठवते. मला कांजिण्या आल्या होत्या. घरात देवी आलेली, म्हणून फोडणी बंद, खिडकी बंद, आणि माझ्याजवळ फक्त आई. एवढ्या मोठ्या घराचा स्वयंपाक तेवढ्यापुरता काकूकडे गेला होता. अंग नुसतं पेटलेलं, पण खाजवायची चोरी. वडिलांनी टीव्ही खोलीत आणला, भाड्याचा व्हीसीआर जोडला आणि जादूच्या सिनेमाची एकच कॅसेट दिली. त्यातली मुलगी किल्ल्यात कोंडलेली असते आणि शेवटी कागदी पक्ष्यावर बसून उडून जाते. मला त्याचा कंटाळा आला, पण ती उडाली की आई म्हणायची, "परत लाव गं." एकदाच्या खपल्या पडल्या, पाल्याच्या पाण्यानं आंघोळ झाली, दार उघडलं. स्वयंपाकघरातून काकू ओरडली, "ताई, या आता, भाकऱ्या राहिल्यात!" आई कॅसेट मागे नेत हळूच मला म्हणाली, "अजून खाजतंय का गं थोडं?" मी "नाही" म्हणत बाहेर धूम ठोकली. आता माझी मुलगी तोच सिनेमा मोबाइलवर बघते, आणि पक्षी उडायच्या वेळी मी गॅस बारीक करून येते.