मागची भिंत

"ही साडी नको," भाऊसाहेब म्हनला. "फाटकी नेस एखादी. अन् पोरीच्या पायातली चप्पल काढ. फोटोत गरीब दिसलं पाहिजे."

भाऊसाहेब म्हंजे आमच्या गावचा ग्रामसेवक. हातात मोबाईल धरून अंगनात हुबा हुता. मी गुमान आत गेले अन् पेटीतली फाटकी साडी काढली. राग आला न्हाई. काहीच आलं न्हाई. ऊस तोडताना कोयता लागला की पयल्यांदा दुखत न्हाई, तसं.

आमचं गाव नगरपसून उगवतीला, कोरडवाहू. सहा म्हैने ऊसतोडीला, सहा म्हैने घरी. घर म्हंजे मातीच्या भिती अन् वर पत्रा. मागची भिंत पावसानं खचलेली, तिथं प्लास्टिकचा कागद लावलेला. घरकुलाच्या यादीत नाव लागंल ह्या आशेवर लई वर्सं काढली.

गेल्या साली भाऊसाहेब पयल्यांदा घर बघायला आला, तवा घोळ मीच घातला. येनार म्हनून आधी निरोप आला हुता. आपल्यात घरी मानूस येनार म्हनलं की बाई काय करती? मी पांढरी माती आनली. मी अन् आत्यांनी, म्हंजे माझ्या सासूनं, दोन दिस भिती पोतारल्या. अंगन सारवलं. शेजारनीच्या दोन खुर्च्या आनल्या. एरवी आमी कोरा चहा पिनारी, त्या दिशी दूध आनलं. मी लग्नातली साडी नेसले. चहाच्या आधी तो मागल्या अंगाला वळाय लागला, तशी मी आडवी हुबी ऱ्हायले. पडकी भिंत पाव्हन्याला कशी दाखवायची? लाज वाटली. "तिकडं काय न्हाई भाऊसाहेब, चहा घ्या," म्हनले.

त्यानं चहा घेतला. "घर झकास ठेवलंय की," म्हनला. दारातून फोटो काढला अन् गेला.

यादी लागली. आमच्या नावाम्होरं लिवलेलं, अपात्र, घर सुस्थितीत. पोरीनं वाचून दाखवलं. सुस्थितीत म्हंजे काय, ते बी तिनंच सांगितलं. आत्या म्हनल्या, "आपुनच सारवलं गं."

त्या पावसाळ्यात उरलीसुरली भिंत बसली. आत्यांच्या हातरुनापसून ईतभर लांब. पावसाळाभर त्या शाळेच्या ओट्यावर झोपल्या. शाळा भरायच्या आत गोधडी गुंडाळून घरी यायच्या. कुनी त्यास्नी काय बोललं न्हाई, तरी सगळ्यांकडं चोरावानी बघायच्या. मग मी अर्ज दिला, घर पुन्यांदा बघा म्हनून. त्या अर्जावर हा दुसऱ्यांदा आलेला.

तर फाटकी साडी हातात घेतली अन् भायेर खरड खरड आवाज आला. दारातून वाकून बघितलं. आत्या उकिडव्या बसून खुरप्यानं भितीची पांढरी माती खरवडत हुत्या. त्यास्नी कुनी सांगितलं न्हवतं. मला सांगितलेलं ऐकलं अन् आपल्या मनानंच कामाला लागल्या. सत्तरीची बाई. आपल्याच हातानं पोतारलेलं खरवडती अन् मान वर करून इचारती, "आता दिसतंय का, भाऊसाहेब?"

मोबाईलमधी बघत तो म्हनला, "अजून थोडं."

तिथं माझ्या आत काहीतरी हाललं. राग म्हना.

साडी पेटीत टाकली. भायेर आले. आत्यांच्या हातातलं खुरपं काढून घेतलं. "उठा," म्हनले.

"काय झालं?" भाऊसाहेब म्हनला.

"मागं चला, फोटो तिथं काढा. भिंत पडलीय, तिचा."

"अगं, सरकार फुकटात घर देतंय. जरा तसं दिसायला तुझं काय जातंय?"

"भिंत पडलीय का न्हाई तेवढं लिवा. मी कशी दिसते, ह्ये तुमच्या कागदात कुठं इचारलंय?"

तो हसला. "मग नाव आलं नाही तर माझ्याकडं यायचं नाही." मोटारसायकलला किक मारली. मागं गेलाच न्हाई. चार पावलं हुती.

नाव आजून आलेलं न्हाई. टोळीचा टेम्पो परवा निघतोय. तोडीला जोडी लागती, एकट्या गड्याला कोन घेत न्हाई. तरी मी नवऱ्याला सांगितलं, "तुमच्या भावाला संगं न्या. घरकुलाची यादी ग्रामसभेत ठरती, ती झाल्याबिगर मी गाव सोडनार न्हाई."

"अन् सभा लांबली तर?"

"लांबंल तितकं थांबन."

तवापसून नवरा माझ्याशी बोलत न्हाई. आत्या म्हनत्यात, पाया पड भाऊसाहेबाच्या, मिटव. मला आत्यांचा राग येत न्हाई. त्यास्नी पुना शाळेच्या ओट्यावर झोपायचं भ्या वाटतंय. मला बी वाटतंय. पन पाया पडनार न्हाई अन् मिटवनार बी न्हाई.

पयल्यांदा ती भिंत मी झाकली. आता समद्या ग्रामसभेला तिथं न्हेऊन हुबी करनार हाय. भिंत पडलीय, ह्ये भाऊसाहेबाला समद्यांदेखत लिवायला लावनार हाय. लिवंस्तवर कुनाला हलू देनार न्हाई.