सरांची खुंटी

२०१९ साल. मला एकाहत्तरावं लागलेलं. गावात कुणी काही ठासून बोलायला लागलं की आमचे सर आधी खिशातली टेप काढायचे. पट्टी सर्रकन ओढायची, सोडायची अन् म्हणायचं, "मोजल्याबिगर बोलू नका."

सर विज्ञान शिकवून रिटायर झालेले. मी तिसरी नापास. तरी पारावर वादाला त्यांना मीच लागायचो. सरांसारखा एखादा तुमच्याही गावात असंल, चहा अगोड लागला तरी बायकोला विचारणारा, "किती चमचे टाकले?" पाप-पुण्यसुद्धा एक दिवस विज्ञान मोजून देईल, असं त्यांचं ठाम मत.

"तुमची टेप पुरंल का?" मी म्हणायचो.

"पुरंल आबा. जल्दी करू नका."

त्या उन्हाळ्यात माझी मोसंबी वाळायला लागली. बोर कुठं घ्यायचा ते बघायला सर यंत्र घेऊन आले. लोखंडी खुंट्या ठोकल्या, वायरी जोडल्या, दुपारपर्यंत आकडे बघितले. शेवटी बांधाजवळच्या खुंटीवर हात ठेवला.

"पाणी इथं हाये. पण पलीकडच्या विहिरीला हेच पाणी हाये. तुमी बोर घेतला की ती आटणार. कुणाची ती?"

"थोरल्या वैनीची. भाऊ गेल्यापासून बोलणं न्हाई आमचं."

"मंग?"

"मंग काय? घेऊ का नको, ते सांगा. यंत्र तुमचं हाये."

सर बांधावर चकरा मारायला लागले. टेप ओढायची, सोडायची.

"वैनीला विचारलं का?"

"तिला कशाला विचारू? पाप-पुण्य मोजता येतंय म्हणत होता ना? मोजा."

सरांनी टेप खिशात घातली. चष्मा पुसत म्हणाले, "हे ह्यात दिसत न्हाई, आबा." वायरी गुंडाळल्या अन् ती एक खुंटी तशीच ठेवून गेले.

वाद मी जिंकलो होतो, पण चैन पडेना. टँकरचं पाणी झाडांना घालायला गेलो की नजर खुंटीवरच.

दर वडीगोद्रीच्या बाजारादिवशी त्यांचा फोन. "काय ठरलं?"

"तुमीच सांगा."

"मी विचार करून राह्यलो."

एका बाजाराला फोन आला नाही. सर पहाटेच वारले होते. मातीला गेलो. भिंतीवर त्यांचा सदरा टांगलेला, खिशात टेप तशीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटी उपटली, माती झटकली अन् बांध ओलांडून वैनीच्या दारात गेलो. ती अंगण झाडत होती. झाडू थांबवून म्हणाली, "काय भाऊजी, वाट चुकले का?"

"न्हाई वैनी," म्हटलं, "एक विचारायचं होतं."