हाराखालची तार

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

आज खंडेनवमी. चाकणला आमच्या कंपनीत सकाळी मशिनांची पूजा झाली. पत्रा कापायच्या प्रेसला झेंडूचा हार, हळदकुंकू, पुढे नारळ. मशीनचा मान म्हणून मालकांनी सगळ्यांचे सेफ्टी शूज बाहेर काढायला लावले.

या प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी दाबली तरच ती चालते, म्हणजे हात आत सापडत नाही. पण माल भराभर निघावा म्हणून आमच्याकडे एक बटण तारेने कायमचं दाबून ठेवलंय. उन्हाळ्यात याच प्रेसवर ऑपरेटर दत्ताभाऊंची दोन बोटं गेली.

आज आरतीचं ताट मालकांनी मोठ्या मानाने दत्ताभाऊंच्याच हातात दिलं. उरलेल्या बोटांत ताट धरून ते प्रेसला ओवाळत होते. आणि हाराखाली तार तशीच!

मला राहवलं नाही. "साहेब, आधी ती तार काढा," मी मालकांना म्हणालो.

"सणाच्या दिवशी अभद्र बोलू नकोस. देवाची कृपा, म्हणून दोन बोटांवर निभावलं."

मी पक्कड आणली आणि सगळ्यांसमोर तार तोडली.

शाबासकी नकोय मला. कंपनीत मेंटेनन्सचं काम माझ्याकडे आहे. ती तार मीच बांधली होती, साहेबांनी सांगितलं म्हणून. दसऱ्याची सुट्टी संपली की पुन्हा मलाच बांधायला सांगतील.

आज तुमच्याही कंपनीत पूजा झाली असेल. हार घालताना खाली काय बांधलंय ते बघितलंत? आणि कुणी बांधलंय?